वणी, यवतमाळ, पुसद : राज्याचा करार आणि जागांचे करार

वेगळ्या विदर्भाचा वाद नागपूरच्या नावावर लिहिला जातो. मोर्चे तिथे निघतात, अधिवेशन तिथे भरते, वर्तमानपत्रांची मुख्यालयेही तिथेच आहेत. पण या वादाची दोन्ही टोके एकाच जिल्ह्यात पाहायची असतील तर यवतमाळला यावे लागते. महाविदर्भाची मागणी आयुष्यभर लावून धरणारे लोकनायक बापूजी अणे वणीचे. ती मागणी रस्त्यावर आणणारे जांबुवंतराव धोटे यवतमाळचे. आणि संयुक्त महाराष्ट्राचा कारभार ११ वर्षांहून अधिक काळ सांभाळून त्याला स्थैर्य देणारे वसंतराव नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्याने विदर्भवाद्यांना त्यांचे दोन सर्वांत मोठे नेते दिले आणि अखंड महाराष्ट्राला त्याचा सर्वांत दीर्घकाळचा मुख्यमंत्री दिला.

आज मात्र जिल्ह्यातली खरी लढाई अखंड महाराष्ट्र मानणाऱ्यांची आपसातच आहे. २०२४ च्या लोकसभेला यवतमाळ-वाशीममध्ये शिंदे गटाचा धनुष्यबाण आणि ठाकरे गटाची मशाल समोरासमोर होते, आणि महाराष्ट्राचे तुकडे होऊ देणार नाही ही दोघांचीही घोषणा. विदर्भवादी उमेदवार मुख्य लढतीत कुठेच नव्हता. इथवर आपण कसे आलो, राज्याविषयीचे करार मागे पडून जागावाटपाचे करार कसे पुढे आले आणि त्यात यवतमाळच्या माणसाने काय गमावले, याचा हा आढावा. माझे मत आधीच सांगतो. महाराष्ट्र एक राहावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनीच नागपूर करार सर्वांत जास्त लावून धरायला हवा होता. ते त्यांनी केले नाही, आणि युती-आघाड्यांच्या राजकारणाने ते न करण्याची सोय त्यांना करून दिली.

वऱ्हाड आधी निजामाचे. १८५३ मध्ये ते इंग्रजांच्या ताब्यात आले आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले. भाषा मराठी, कारभार नागपूरच्या हिंदी-मराठी प्रांतातला, आणि पुण्या-मुंबईशी प्रशासकीय नाते जवळजवळ नाही. त्यामुळे १ ऑक्टोबर १९३८ रोजी मध्य प्रांताच्या विधिमंडळाने वेगळ्या महाविदर्भ प्रांताचा ठराव केला, तेव्हा तो महाराष्ट्रातून फुटण्याचा ठराव नव्हता. असा महाराष्ट्र तेव्हा अस्तित्वातच नव्हता. हिंदी भाषक प्रदेशापासून सुटका एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या वादात ही गोष्ट दोन्ही बाजू विसरल्या, आणि विदर्भवादी म्हणजे मराठीचा वैरी हा आरोप सहज करता येऊ लागला. बापूजी अण्यांसारख्या टिळकांच्या अनुयायाला, १९३० मध्ये पुसदला जंगल सत्याग्रह करून तुरुंगात गेलेल्या माणसाला, हा आरोप लावणे अन्यायाचे होते.

१९४६ च्या मे महिन्यात बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राची हाक दिली गेली. अध्यक्ष होते नागपूरचे ग. त्र्यं. माडखोलकर. म्हणजे विदर्भातही एकीकरण मानणारे होते, आणि ते वजनदार होते. दोन बाजूंना एकत्र बसवण्याचा पहिला गंभीर प्रयत्न ८ ऑगस्ट १९४७ चा अकोला करार. त्यावर शंकरराव देव यांची सही आहे आणि बापूजी अण्यांचीही. संयुक्त महाराष्ट्र व्हावा, पण त्यात महाविदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र असे दोन उपप्रांत असावेत, त्यांना वेगळी विधिमंडळे, वेगळी मंत्रिमंडळे आणि वेगळी न्यायव्यवस्था असावी. संयुक्त महाराष्ट्र झाला नाही तर वेगळ्या महाविदर्भासाठी प्रयत्न करावेत, असे त्यात ठरले. मला हा करार या सगळ्या इतिहासातला सर्वांत प्रामाणिक कागद वाटतो. एकत्र येणाऱ्या दोन घरांच्या चुली वेगळ्या राहतील हे त्यात उघड मान्य केले होते. तो अमलात कधीच आला नाही.

सहा वर्षांनी, २८ सप्टेंबर १९५३ रोजी, नागपूर करार झाला. त्यात भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, नानासाहेब कुंटे, रा. कृ. पाटील, शेषराव वानखेडे अशी काँग्रेसची मातब्बर मंडळी होती. बापूजी अणे सही करणाऱ्यांत नव्हते. उपप्रांताची कल्पना गेली आणि तिच्या जागी आश्वासने आली : निधी लोकसंख्येच्या प्रमाणात, सरकारी नोकऱ्या आणि तांत्रिक शिक्षणातल्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात, उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपुरात, वर्षातून निदान एक अधिवेशन नागपुरात आणि तेवढा काळ सरकारचा मुक्कामही तिथे. अकोल्याने विदर्भाला अधिकार देऊ केले होते. नागपूरने हिस्सा देऊ केला. हिस्सा मिळाला नाही तर दाद कोणाकडे मागायची, याचे उत्तर मात्र त्या करारात नाही.

राज्य पुनर्रचनेसाठीच्या फाजल अली आयोगाला ही आश्वासने पुरेशी वाटली नाहीत. १९५५ च्या अहवालात आयोगाने यवतमाळसह आठ जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य सुचवले. विदर्भाचे उत्पन्न विदर्भाबाहेर वळवले जाईल ही इथल्या लोकांची भीती आयोगाने मनावर घेतली होती. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषावार राज्यांवरच्या पुस्तिकेत मराठी भाषकांची एकाहून अधिक राज्ये असावीत असे मांडले आणि त्यात विदर्भाचा भाग वेगळा धरला. तरी दिल्लीत आणि मुंबईत चाललेल्या वाटाघाटींत विदर्भ महाराष्ट्राकडेच राहिला. १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य झाले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र. मतदारांचा थेट कौल कुठल्याच टप्प्यावर घेतला गेला नाही.

१९५७ ची निवडणूक या दृष्टीने फार बोलकी आहे. पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला धूळ चारली. कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एका मागणीसाठी एकत्र आले होते. मराठी राजकारणातला हा सर्वांत मोठा एकीकरणवादी निवडणूक करार. पण चव्हाणांचे सरकार तरले ते गुजरात, मराठवाडा आणि विदर्भाच्या जोरावर. संयुक्त महाराष्ट्राची लाट विदर्भात पोहोचलीच नाही. जे राज्य तीन वर्षांनी जन्माला आले त्याच्यासाठी इथला मतदार रस्त्यावर उतरला नव्हता, आणि त्याच्याविरुद्ध मत देण्याची सरळ संधीही त्याला मिळाली नव्हती.

ती संधी थोडीफार १९६२ मध्ये मिळाली. नाग-विदर्भ आंदोलन समितीच्या पाठिंब्यावर बापूजी अणे ऐंशीच्या घरात असताना नागपूरहून लोकसभेवर गेले. त्याच वर्षी यवतमाळातून जांबुवंतराव धोटे हा तरुण शिक्षक विधानसभेत पोहोचला. पुढे सभागृहात अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावल्यामुळे त्यांचे सभासदत्व गेले, आणि यवतमाळकरांनी पोटनिवडणुकीत त्यांना पुन्हा निवडून दिले. डिसेंबर १९६३ मध्ये वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. एका जिल्ह्याचे दोन नेते आता समोरासमोर होते.

हा सामना जिथे प्रत्यक्ष झाला ती जागा म्हणजे कृषी विद्यापीठाचे आंदोलन. राज्याला एकच कृषी विद्यापीठ आणि ते राहुरीला, असा कल दिसताच १९६७ मध्ये विदर्भ पेटला. नेते धोटे, मुख्यमंत्री नाईक. गोळीबार झाला, तरुण मेले. १९६८ मध्ये राहुरीचे विद्यापीठ झाले आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्याला पंजाबराव देशमुखांच्या नावाचे. कापूस, ज्वारी, तूर पिकवणाऱ्या वऱ्हाडाला कृषी विद्यापीठ मिळावे यासाठी गोळ्या खाव्या लागल्या, हे मला अजून सहन होत नाही. नागपूर कराराची कलमे कागदावर होतीच. त्यांच्या आधारे हे विद्यापीठ अर्ज न करता मिळायला हवे होते. ते मिळाले बाहेरच्या दबावाने, करार करणाऱ्या पक्षाच्या विरोधात उभे राहून.

नाईकांवर मात्र एकांगी लिहिणे बरोबर नाही. संकरित बियाणे, रोजगार हमी, १९७२ ची कापूस एकाधिकार खरेदी ही त्यांच्या काळातली कामे. एकाधिकाराचा फायदा वऱ्हाडातल्या कापूस उत्पादकाला काही वर्षे तरी नक्की झाला. भटक्या बंजारा समाजातून आलेला माणूस राज्याच्या सर्वोच्च जागी बसला, त्यामुळे पुसद, दिग्रस, महागावच्या तांड्यांना हे राज्य आपले वाटले. ही भावना खरी होती आणि आहे. विदर्भवाद्यांनी ती कधी नीट समजून घेतली नाही. त्यांच्या व्यासपीठावर नागपूर-अकोल्याचे वकील, व्यापारी, संपादक असायचे. तांडा, कोलामपोड आणि बौद्धवाडा त्या व्यासपीठापासून लांब राहिला. कुणबी-मराठा, बंजारा, बौद्ध, गोंड, कोलाम, आंध, मुस्लिम अशा तुकड्यांत विभागलेल्या जिल्ह्यात प्रदेशाच्या नावावर एक मतपेढी बांधायची तर आधी या प्रत्येक घराशी बोलावे लागते. वेगळ्या राज्यात सत्ता कोणाच्या हाती जाईल, हा तिथला पहिला प्रश्न असतो.

१९७१ मध्ये इंदिरा लाटेत महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसने जिंकल्या. न जिंकलेल्या तिघांत नागपूर होते आणि विजयी उमेदवार होते फॉरवर्ड ब्लॉकचे धोटे. विदर्भाच्या मागणीचे हे निवडणुकीतले शिखर. १९८० मध्ये धोटे पुन्हा नागपूरहून निवडून आले, पण इंदिरा काँग्रेसच्या तिकिटावर. आंदोलनाचा नेता पक्षात गेला आणि मागणी पक्षाच्या दाराबाहेर राहिली. हे पुढे पुन्हा पुन्हा घडले. २००२ मध्ये धोट्यांनी विदर्भ जनता काँग्रेस काढली, तेव्हा ती वेळ निघून गेली होती.

मधल्या काळात नागपूर कराराचा हिशेब कोणी मांडला असेल तर तो समित्यांनी. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजला आणि हा शब्द गावोगाव पोहोचला. १९९४ मध्ये घटनेच्या कलम ३७१(२) खाली विदर्भासह तीन वैधानिक विकास मंडळे आली. केळकर समितीचा अहवाल २०१३ चा. प्रत्येक वेळी आकडे आले, चर्चा झाली, आणि पक्षांनी ती आपापल्या सोयीने गुंडाळली.

इथून पुढे गोष्ट युतीची. नव्वदच्या दशकात शिवसेना विदर्भात पसरली ती काँग्रेसवर चिडलेल्या ओबीसी तरुणाच्या बळावर. अखंड महाराष्ट्र हे तिचे जाहीर धोरण. तिच्या जोडीदाराने, भाजपने, १९९७ मध्ये भुवनेश्वरला वेगळ्या विदर्भाचा ठराव केला. एका युतीतले दोन पक्ष राज्याच्या अस्तित्वाविषयी विरुद्ध टोकांना, आणि तरी जागावाटप सुरळीत. २००० मध्ये केंद्रात वाजपेयींचे सरकार असताना छत्तीसगड, उत्तराखंड, झारखंड झाले. विदर्भ झाला नाही. शिवसेना विरोधात होती हे त्यामागचे उघड कारण, आणि ते भाजपला सोयीचेही पडले.

यवतमाळात या युतीचा अर्थ काय होता ते २००९ नंतर दिसले. नव्या यवतमाळ-वाशीम मतदारसंघाची जागा शिवसेनेकडे. भावना गवळी २००९, २०१४ आणि २०१९ अशा तीनदा निवडून आल्या. वेगळ्या विदर्भाचा ठराव असलेल्या पक्षाचा कार्यकर्ता तीन निवडणुका अखंड महाराष्ट्राच्या धनुष्यबाणासाठी राबला. त्याच्याशी बोललो तर तो सांगतो, तिकीट वर ठरते, आपण खाली काम करायचे. त्याला मी दोष देत नाही. पण विदर्भ हवा की नको हा प्रश्न मतपत्रिकेवरून पुसण्याचे काम युतीने किती सफाईने केले, ते त्याच्या या वाक्यात आहे.

एकदा मात्र युती नव्हती. २५ सप्टेंबर २०१४ रोजी शिवसेना-भाजप युती तुटली आणि त्याच दिवशी काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडीही. चारही पक्ष वेगवेगळे लढले. विदर्भातल्या ६२ पैकी ४४ जागा भाजपला. यवतमाळच्या सातपैकी वणी, राळेगाव, यवतमाळ, आर्णी, उमरखेड भाजपकडे. दिग्रस संजय राठोडांमुळे शिवसेनेकडे. पुसद मनोहर नाईकांमुळे राष्ट्रवादीकडे. विदर्भवादी याला आपला कौल म्हणतात. मला तसे वाटत नाही. त्या वर्षी मार्चमध्ये नरेंद्र मोदी आर्णी तालुक्यातल्या दाभडीला शेतकऱ्यांशी चहावर चर्चा करायला आले होते. लोकांनी कापसाच्या भावाला आणि कर्जातून सुटकेला मत दिले. त्यात वेगळ्या राज्याची आशाही कुठेतरी असेल, पण ती वेगळी काढून मोजता येत नाही. डिसेंबरात शिवसेना सरकारात परत आली आणि विदर्भाचा ठराव पुन्हा कपाटात गेला. मार्च २०१६ मध्ये राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे, बापूजींचे नातू, यांना वेगळ्या विदर्भ-मराठवाड्याच्या वक्तव्यांनंतर पद सोडावे लागले. त्यांनी काढलेल्या आघाडीला निवडणुकीत बळ मिळाले नाही.

जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. राठोड आणि गवळी शिंदे यांच्याबरोबर गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले. मग २०२४ मध्ये जे झाले ते जागावाटपाच्या राजकारणाचे पाठ्यपुस्तकच म्हणावे. इथल्या तीन वेळच्या खासदार गवळींचे तिकीट कापले गेले. हिंगोलीचे खासदार हेमंत पाटील यांची तिथली उमेदवारी मागे घेऊन त्यांच्या पत्नी राजश्री पाटील यांना यवतमाळ-वाशीमला पाठवण्यात आले. ठाकरे गटाने दिग्रसचे माजी आमदार संजय देशमुख यांना उभे केले आणि ते ९० हजारांहून अधिक मतांनी जिंकले. उमरखेड तालुका हिंगोली लोकसभेत मोडतो. तिथेही दोन शिवसेना समोरासमोर, तिथेही मशाल जिंकली. वणी आणि आर्णी चंद्रपूरला जोडलेले. एक जिल्हा, तीन खासदार, आणि जिल्ह्याचा म्हणून लोकसभेत एक आवाज नाही. कराराच्या अंमलबजावणीसाठी दिल्लीत भांडायचे तर कोणी, हा प्रश्न मतदारसंघांच्या या रचनेनेच अवघड केला आहे.

सहा महिन्यांनी विधानसभा आली आणि चित्र पुन्हा उलटले. दिग्रसची जागा ठाकरे गटाने आघाडीत काँग्रेसला सोडली, माणिकराव ठाकरे उभे राहिले आणि राठोड जिंकले. वणीची जागा उलट ठाकरे गटाला सुटली, काँग्रेसमध्ये बंडखोरी झाली, तरी संजय देरकर निवडून आले. बापूजी अण्यांच्या वणीचा आमदार आज अखंड महाराष्ट्राच्या मशालीचा आहे. पुसदला इंद्रनील नाईक अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडून, यवतमाळला काँग्रेसचे बाळासाहेब मांगुळकर, राळेगाव, आर्णी, उमरखेड भाजपकडे. सात जागांवर पाच चिन्हे. त्यातल्या एकाही लढतीत नागपूर करार हा मुद्दा नव्हता.

एकत्र राहायचे की वेगळे व्हायचे, अशी दुही असलेल्या समाजात निवडणूक करार कसे होतात हे पाहायला उत्तर आयर्लंडकडे जरूर पाहावे. ब्रिटनशी एकत्र राहू इच्छिणारे पक्ष तिथेही अनेक आहेत आणि आपसात कडवे भांडतात. पण समोर वेगळे होऊ पाहणारा बलवान पक्ष असला की ते जागा सोडतात. २०१० मध्ये फर्मानाच्या मतदारसंघात दोन मोठ्या पक्षांनी माघार घेऊन एक सामाईक उमेदवार दिला. तो चार मतांनी पडला. २०१५ मध्ये चार मतदारसंघांत त्यांनी करार केला आणि फर्माना जिंकले. २०२४ मध्ये मात्र नॉर्थ अँट्रिममध्ये, जिथे विरोधकांचे भय कमी, पेझ्ली घराण्याची १९७० पासूनची जागा त्याच विचाराच्या अधिक कडव्या पक्षाने हिसकावली. धोका समोर असेल तर करार, नसेल तर भाऊबंदकी. यवतमाळला हे सूत्र जसेच्या तसे लागू होते. इथे वेगळ्या राज्याचा धोका मतपेटीत उरला नाही, म्हणून अखंडवादी एकमेकांवर तुटून पडतात. फरक एवढा की तिथल्या पक्षांना एकत्र राहण्याच्या अटींवर रोज भूमिका घ्यावी लागते. इथल्यांना लागत नाही.

आणि अटींचे काय झाले आहे ते पाहा. नागपूरचे अधिवेशन २०२० आणि २०२१ मध्ये मुंबईतच झाले. २०२४ चे सहा दिवसांत उरकले. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, तेव्हा सत्तेतले तिन्ही पक्ष अखंड महाराष्ट्राचे होते. २०२२ मध्ये पुढच्या मंत्रिमंडळाने पुनर्गठनाचा निर्णय जाहीर केला. निम्न पैनगंगा प्रकल्पाला १९९७ मध्ये मंजुरी मिळाली आणि तो अजून रखडलेला आहे. बुडणाऱ्या गावांच्या विरोधाला नीट उत्तर देण्याचे धाडसही कोणी केले नाही. इसापूरचे धरण पुसद तालुक्याच्या काठावर आणि त्याचे पाणी मुख्यतः नांदेड-हिंगोलीला. मराठवाड्याच्या तहानेला माझा विरोध नाही. पण हिस्से कोण ठरवतो आणि कुठे बसून ठरवतो, हे विचारायचा हक्क पुसदच्या शेतकऱ्याला आहे. २००६ मध्ये पंतप्रधानांनी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यात यवतमाळ होते. पॅकेज ही मेहेरबानी असते, करारातला हिस्सा हा हक्क असतो. गेली दोन दशके आपण पहिल्यासाठी हात पसरतो आहोत आणि दुसऱ्याचे नाव घेत नाही.

विदर्भवाद्यांचा पराभव झाला म्हणून अखंडवाद्यांचे काम संपले नाही, उलट सुरू झाले. ज्यांनी वेगळे राज्य नाकारले त्यांनीच नोकऱ्यांचा, सिंचनाचा, शिक्षणाचा हिस्सा विदर्भाच्या दारात आणून द्यायला हवा होता. नागपूर करारात निधीवाटपाचा अहवाल दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवण्याची तरतूद होती. कलम ३७१(२) नेही मंडळांच्या कामाचा वार्षिक अहवाल विधानसभेपुढे ठेवण्याची अट घातली आहे. यवतमाळचे सात आमदार पाच पक्षांचे आहेत, तिघे वगळता उरलेल्यांचे पक्ष उघड अखंड महाराष्ट्राच्या बाजूचे किंवा किमान वेगळ्या राज्याचा ठराव नसलेले आहेत. आणि त्या तिघांच्या पक्षाचा ठराव तर विदर्भाच्या बाजूचा आहे. हिवाळी अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी हा अहवाल मागायला यातल्या कोणालाही युती तोडावी लागत नाही, आघाडी सोडावी लागत नाही आणि चिन्हही बदलावे लागत नाही.